रोटर उडवण्याआधी

सगळ्यात आधी वजनकाटा काढा, एकेक ग्रॅम दाखवणारा. दोराच्या टोकाला हवेत फिरून वीज देणाऱ्या रोटरची तयारी तिथूनच सुरू होते. पतंग त्याला वर धरून ठेवतो, वारा पाती फिरवतो आणि तो पीळ दोरांवाटे खालच्या जनरेटरपर्यंत उतरतो. मग हिशेब मांडा. त्रिज्या दीड मीटर, वारा सेकंदाला १० मीटर आणि पात्याचं टोक वाऱ्याच्या तिप्पट वेगानं धावणार असं धरलं, तर मिनिटाला सुमारे १९० फेरे होतात. त्या टोकाला चिकटवलेली १० ग्रॅमची पट्टी तेव्हा ६०० ग्रॅम वजनाइतक्या जोरानं बाहेर ओढते. म्हणून एक पातं फाटून त्याला ठिगळ लावलंत, तर बाकीच्या पात्यांनाही त्याच जागी तेवढंच लावा. दिसायला वेडेपणा, पण नाहीतर अख्खा रोटर लंगडतो. नुसती वजनं जुळून भागत नाही. प्रत्येक पातं पेन्सिलीवर तोलून बघा. तोल एकाच जागी सापडला पाहिजे.

मोठा रोटर करायचा मोह आवरा. माप दुप्पट केलं की वाऱ्याला मिळणारं क्षेत्र चौपट होतं, वजन मात्र आठपटीच्या घरात जातं. त्यापेक्षा एकाच दोरमाळेवर लहान रोटर एकामागे एक चढवलेले बरे.

दोर डायनिमाचे, म्हणजे हलक्या पण फार मजबूत कृत्रिम धाग्याचे घ्या, पण गाठी मारू नका. तो निसरडा असतो, शिवाय गाठीपाशी त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. टोकं दोराच्याच पोटात ओवून घ्या.

खरी परीक्षा पिळाची. ५०० वॉट खाली आणायचे तर त्या १९० फेऱ्यांच्या वेगाला २५ न्यूटन-मीटर पीळ दोर आणि त्यांना जागोजागी फाकवून धरणारी कडी यांच्या शिडीतून उतरतो. शिडीतली कार्बन नळ्यांची कडी जवळजवळ ठेवा. दोन कड्यांमधला पीळ अर्ध्या फेऱ्यावर गेला की दोर मधोमध एकमेकांना भिडतात आणि शिडीचा ओल्या धोतरासारखा पिळा होतो. म्हणून रोटर उचलणारा पतंग आधी वर स्थिर होऊ द्या, दोर ताणले जाऊ द्या, मगच जनरेटरचा भार हळूहळू चढवा. पतंगाच्या दोराला भोवरकडी, म्हणजे दोराला पीळ न देता फिरणारी कडी, हवीच.

हवाई क्षेत्राची परवानगी, हातमोजे, चष्मा, जमिनीतला पक्का खुंट हे ओघानं आलंच. फिरत्या पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

सुटं पातंही बरोबर न्या, पण त्याच्यावर वजन आणि तोलाची खूण आधीच लिहून ठेवा. मैदानावर वारा सुटलेला असताना काटा शून्यावर थांबत नाही.