गाडीच्या चाबीतला सेल बदलताना चाबी उघडायची कशी

बाजाराच्या दिवशी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कोणीतरी येतोच आणि काउंटरवर चाबी ठेवून म्हणतो, "भाऊ, रिमोट काम नाही करून राहिला. पूर्ण चाबी बदला म्हणतात." पूर्ण चाबी कशाला बदलता? आधी घरातली दुसरी चाबी दाबून पाहा. तिनं दार उघडलं तर पहिलीतला सेल संपला आहे. दोन्हींनी उघडलं नाही तर बहुतेक बिघाड गाडीत असतो, मग चाबी खोलू नका. सेल संपत आल्याची खूण सोपी आहे: आधी फाटकापासून उघडणारी गाडी आता अगदी दाराशी उभं राहिल्याशिवाय उघडत नाही.

सेलचा नंबर जुन्या सेलवर कोरलेला असतो, तोच आणायचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. दोन्ही ३ व्होल्टचे, म्हणून "२०२५ टाका अन् खाली चांदीचा कागद ठेवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. पांदण रस्त्यावर चार धक्के बसले की कागद सरकतो, आणि तो सेलच्या दोन्ही बाजूंना टेकला तर नवा सेलही खलास होतो. २०३२ कॉम्प्युटरमध्ये आणि लहान वजनकाट्यातही लागतो, त्यामुळे तालुक्याच्या गावी सहज मिळतो. पाकिटावरची तारीख पाहा. दाराशी उन्हात टांगलेली पाकिटं घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

आता चाबी उघडणं. खरं काम एवढंच आहे आणि नुकसानही इथंच होतं.

मी पहिली चाबी उघडली ती काकांच्या गाडीची. ओसरीवर बसलो, ट्रॅक्टरच्या पेटीतला मोठा पेचकस सांध्यात घातला आणि पिळला. चाबी फटकन उघडली. रबरी बटणं एकीकडे, सर्किटची पट्टी दुसरीकडे, आणि सरकीएवढा एक काळा तुकडा उडून अंगणात गेला. तो मी पाहिलाच नाही. सेल टाकला, चाबी बंद केली, दारं मस्त उघडली. गाडी मात्र सुरू होईना, आणि डॅशबोर्डवर चाबीच्या चित्राचा दिवा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूला सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचं होतं. गव्हाच्या चाळणीनं अख्ख्या अंगणाची माती चाळली, तेव्हा रात्री टॉर्चच्या उजेडात तो तुकडा सापडला.

तो तुकडा म्हणजे गाडीची ओळखचिप. तिला सेल लागत नाही. चाबी लावतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून चिपला वीज मिळते, ती आपला नंबर सांगते आणि मगच गाडी इंजिन चालू होऊ देते. म्हणून सेल मेला तरी लोखंडी चाबीनं दार उघडून गाडी सुरू करता येते, पण चिप हरवली तर नवा कोरा सेल असूनही गाडी जागची हलत नाही. काही चाब्यांत चिप सर्किटच्या पट्टीला जोडलेली असते, पण बऱ्याच जुन्या चाब्यांत ती नुसती खाचेत बसवलेली असते.

म्हणून चाबी थाळीत उघडा, आणि थाळीत टॉवेल अंथरा. आधी बारीक स्क्रू आहे का ते पाहा, कधी तो लोखंडी पात्याखाली लपलेला असतो. स्क्रू न काढता जोर लावला तर टरफल फुटतं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या चाबीतून आतली लोखंडी चाबी ओढून काढा, खाच बहुधा तिच्या जागीच असते. खाच दिसत नसेल तर सांध्यावरून नख फिरवा, जिथं नख अडकेल ती खाच. बटणांची बाजू खाली ठेवा, म्हणजे रबर जागचं हलत नाही. लहान चपट्या पेचकसाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, दोन-तीन मिलिमीटरच आत घाला आणि हळूच फिरवा. वर उचकटू नका. 'कट' असा आवाज आला की थांबा, थोडं पुढं सरका, पुन्हा फिरवा. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तेव्हा चाबी आधी दोन मिनिटं मुठीत धरा. सुरी, विळा, दात यांतलं काही लावू नका. दातानं उघडलेल्या चाब्यांच्या तुटक्या कडा मी रोज पाहतो.

उघडल्यावर मोबाइलनं फोटो काढा. अधिक खूण कोणत्या बाजूला आहे ते त्यात दिसलं पाहिजे. सेल लाकडी काडीनं उचला, आणि सेलला टेकणाऱ्या पितळी पट्टीच्या बाजूनं कधीच नको. ती वाकली की नवा सेलही मध्येच तुटक चालतो. नवा सेल कोरड्या फडक्यात धरून बसवा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो, त्यानं कधी कधी वीज अडते. असा सेल स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्या.

दाबून बंद करा, बटण दाबा. बहुतेक चाब्यांना पुन्हा जोडणी करावी लागत नाही. चालली नाही तर सेल उलटा बसलाय का ते पाहा.

जुना सेल ओसरीवर पडू देऊ नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंच फळीवरच्या डब्यात टाका. संपलेल्या सेलमध्येही थोडी वीज उरते. लहान मुलानं तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. उलटी करवू नका, वाट पाहू नका, तडक मोठा दवाखाना गाठा आणि पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना सेलचा नंबर लगेच कळतो.