हंगेरीतल्या छोट्या घरगुती वाइनरीत कसं जायचं, काय मागायचं, काय प्यायचं

बुडापेस्टला जाणारे आपले लोक आता बरेच झालेत, पण सगळ्यांचा प्लॅन तोच असतो, पार्लमेंट, डॅन्यूबवरची बोट, गरम पाण्याचे हौद आणि तिसऱ्या दिवशी व्हिएन्नाची ट्रेन. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्यातला एक दिवस काढा आणि एखाद्या छोट्या फॅमिली वाइनरीत जा, जिथे आजोबा, मुलगा, सून मिळून चार-पाच हेक्टर बाग बघतात आणि टेस्टिंग त्यांच्याच घराच्या अंगणात होतं. आणि तिथे जाऊन शार्डोने किंवा मर्लो मागू नका, ती नाशिकपासून चिलीपर्यंत कुठेही मिळते. तिथलं देशी द्राक्ष मागा. फुरमिंट, हार्शलेवेल्यू, युहफार्क, केकन्येल्यू, कादार्का. नावं जिभेवर बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसली की बसली.

हे लोक छोटे का आहेत ते आधी समजून घ्या, म्हणजे तिथे गप्पा मारताना मजा येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनी सरकारी फार्म आणि सहकारी संस्थांकडे गेल्या, वाइन म्हणजे टँकर भरून सोव्हिएत युनियनला पाठवायचा माल झाला, आणि जे द्राक्ष कमी पीक देतं किंवा मशीनने सांभाळता येत नाही ते हळूहळू बाजूला पडलं. 1989-90 ला राजवट बदलली आणि मग घराघरांनी छोटे छोटे तुकडे परत मिळवले, विकत घेतले, पडीक उतार साफ केले. म्हणजे तुम्ही ज्या बाटलीतून पिताय ती वाइनरी बहुतेक वेळा फार तर 35 वर्षांची असते, पण तळघर मात्र दोनशे-तीनशे वर्षांचं असू शकतं.

आता पहिलं काम, भाग निवडणं. हंगेरीत एकूण 22 वाइन विभाग आहेत, सगळीकडे जायची गरज नाही, द्राक्षावरून ठरवा.

पांढरी आणि गोड वाइन आवडत असेल तर तोकाय, हे ईशान्येला आहे. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून ट्रेनने अडीच-तीन तासांत पोचता येतं. तोकाय गावात उतरलात तरी चालेल, पण माझ्या मते खरी मजा माद, ताल्या, तोल्च्वा, हेर्सेगकूत असल्या आजूबाजूच्या गावांत आहे, हेर्सेगकूतला तर डोंगराच्या पोटात तळघरांच्या ओळीच्या ओळी आहेत, वर गवत आणि खाली दगडी दरवाजे. हा सगळा परिसर 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

एका दिवसात काहीतरी एकदम वेगळं हवं असेल तर शोम्लो. सपाट मैदानात एकटा उभा असलेला 431 मीटरचा थंड ज्वालामुखी, त्याच्या उतारावर लहान लहान बागा आणि प्रत्येक बागेत एक छोटं घर, वरच्या खोलीत द्राक्ष दाबायचा प्रेस आणि मागे तळघर. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट, त्यामुळे आपल्याला तो डोंगर अनोळखी वाटतच नाही. इथलं द्राक्ष युहफार्क, घड लांब आणि टोकाला वळलेला, मेंढीच्या शेपटासारखा, नावाचा अर्थही तोच. वाइन आंबट, खारट, कधी धुरकट, पहिल्या घोटाला कडक वाटते आणि बऱ्याच लोकांना पहिल्यांदा आवडत नाही, म्हणून सांगतो, ग्लास हातात धरून दहा-पंधरा मिनिटं थांबा, थोडी गरम होऊ द्या आणि मग परत प्या. जुनी समजूत अशी की लग्नाच्या रात्री ही वाइन प्यायली की मुलगा होतो, तिथले लोक ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात, तुम्हालाही सांगतील.

बालातोन तलावाकाठी सुट्टी असेल तर बादाचोन्य, आणि रेड हवी असेल तर दक्षिणेला सेक्सार्द. एझेर्यो नावाचं अजून एक देशी द्राक्ष बुडापेस्टच्या पश्चिमेला मोर गावात होतं, वेळ असेल तर तेही बघा.

दुसरं काम, आधी कळवणं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपले लोक नेमकं हेच करत नाहीत. छोट्या वाइनरीत टेस्टिंग रूममध्ये कोणी दिवसभर बसलेलं नसतं, ज्या बाईने मेल वाचायचा तीच बागेत फवारणी करत असते, त्यामुळे चार-पाच दिवस आधी मेल करा, किती जण, किती वाजता, कुठली भाषा आणि आपल्यात कोणी शाकाहारी आहे का ते लिहा. शाकाहारीचं मुद्दाम लिहा कारण वाइनबरोबर जे खायला ठेवतात त्यात झिरोश केन्येर असतो, म्हणजे पावाच्या तुकड्यावर डुकराची चरबी आणि वर कांदा, आणि पोगाचा नावाच्या खाऱ्या छोट्या पावातसुद्धा बऱ्याचदा चरबी घातलेली असते. आधी सांगितलं की चीज, अक्रोड, लोणची काढून ठेवतात. तरुण मंडळी इंग्लिश बोलतात, म्हाताऱ्यांना इंग्लिशपेक्षा थोडंफार जर्मन येण्याची शक्यता जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणीची धांदल असते, तेव्हा वेळ मिळेलच असं धरू नका, पण मिळाली तर नक्की जा. नोव्हेंबरचा मुहूर्तही चांगला, 11 तारखेला सेंट मार्टिनचा दिवस, त्या दिवशी हंसाचं मटण आणि त्या वर्षीची पहिली नवी वाइन.

गाडीचं एक सांगतो, हंगेरीत पिऊन गाडी चालवायची मर्यादा शून्य आहे. थोडी चालते वगैरे काही नाही, अगदी शून्य. त्यामुळे ट्रेन, टॅक्सी किंवा ग्रुपमधला एक जण न पिणारा. शोम्लोला जायचं तर शोम्लोवाशारहेय स्टेशनवर उतरून डोंगराकडे चालत जाता येतं, तोकायमध्ये त्याच गावात मुक्काम करा, एका दिवसात दोन वाइनरी पुरेत, तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही.

तिथे गेल्यावर आधी सगळ्यांशी हात मिळवा, "यो नापोत" म्हणा, आणि सगळ्यात आधी बाग दाखवा म्हणा. बाटलीकडे घाई करू नका. नाशिक-सांगलीकडचे कोणी असतील तर त्यांना तर बागेतच जास्त रस वाटेल, कारण तिथे वर्षातून एकच छाटणी होते, हिवाळ्याच्या शेवटी, वेल थंडीत झोपलेला असतो, आपल्यासारखी एप्रिल आणि ऑक्टोबरची दोन छाटण्यांची भानगड तिथे नाही. भुरी आणि डाऊनी हे वेलीचे बुरशीचे रोग मात्र तिथेही आहेत, या विषयावर कुठल्याही देशातला बागायतदार तासभर बोलतो.

केकन्येल्यूची बाग बघायला मिळाली तर सोडू नका. हे बादाचोन्यचं द्राक्ष, देठ निळसर, आणि याची फुलं फक्त मादी, म्हणजे एकट्याने फळ धरतच नाही. म्हणून त्याच्या ओळींमध्ये बुदाई झोल्द नावाचं दुसरं द्राक्ष लावतात, परागासाठी. दोघांचा फुलोरा एका वेळी आला पाहिजे, त्या आठवड्यात पाऊस नको, वारा हवा, आणि सगळं जमलं तरी पीक कमीच. असं द्राक्ष कुठली कंपनी लावेल? जवळजवळ संपलंच होतं ते. जे आज आहे ते काही हट्टी घरांमुळे आणि तिथल्या संशोधन केंद्रामुळे आहे, आणि म्हणूनच ती बाटली शेजारच्या साध्या पांढऱ्या वाइनपेक्षा महाग असली तर घासाघीस करू नका. कादार्काचं दुखणं वेगळं, साल पातळ, घड गच्च, उशिरा पिकतं, शरदात पाऊस झाला की घडकूज. एकेकाळी सेक्सार्दच्या टेकड्यांवर तेच मुख्य होतं, सरकारी फार्मच्या काळात काढून टाकलं गेलं. वाइन फिक्या लाल रंगाची, हलकी, मिरी आणि आंबट चेरीच्या चवीची. ज्यांना रेड वाइन तोंड कोरडं करते म्हणून आवडत नाही त्यांनी कादार्कापासून सुरुवात करावी, थोडी गार करून.

मग तळघर. तोकायमधलं तळघर ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात खोदलेलं असतं, आत बाराही महिने 10-12 डिग्री, त्यामुळे जुलैमध्येसुद्धा जॅकेट न्या. भिंतींवर काळी मऊ बुरशी दिसेल, घाबरू नका आणि खरवडू पण नका, ती हवेतल्या अल्कोहोलच्या वाफेवर जगते आणि मालक तिला जपतात. मालक पिंपातून काचेच्या लांब नळीने, तिला लोपो म्हणतात, वाइन ओढून तुमच्या ग्लासात सोडेल. ही वाइन अजून तयार नाही, गढूळ असू शकते, तरी नाही म्हणू नका, कारण तीच बाटलीत गेल्यावर कशी होते ते लगेच शेजारी ठेवून चाखता येतं आणि एवढं शिकणं दुसरीकडे कुठे होत नाही.

चाखण्याचा क्रम ते स्वतःच लावतात, कोरड्यापासून गोडाकडे. तोकायमध्ये आधी कोरडी फुरमिंट मागा. बरीच वर्षं हे द्राक्ष फक्त गोड वाइनसाठी ओळखलं जायचं, 2000 सालची इश्तवान सेप्शी यांची उराग्या बागेतली कोरडी फुरमिंट आली आणि एकेका बागेच्या नावाने कोरडी वाइन काढायची लाटच आली. मग हार्शलेवेल्यू, ही फुरमिंटचीच मुलगी, डीएनए टेस्टने सिद्ध झालेलं, जास्त सुगंधी, मधाच्या आणि लिंडन नावाच्या झाडाच्या फुलांच्या वासाची. मग सामोरोद्नी, यात बुरशी चढून आक्रसलेले आणि चांगले मणी वेगळे न करता अख्खा घड घेतात. आणि शेवटी आसू.

आसूबद्दल थोडं सविस्तर, कारण हे कळलं नाही तर ती फक्त गोड वाइन वाटते. बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या तोकायला मिळतात, शरदात सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, त्यामुळे मण्यांवर बोट्रायटिस बुरशी चढते, ती सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं आणि मणी मनुक्यासारखा आक्रसतो. हे मणी एकेक करून हाताने वेचतात, त्याच बागेत पुन्हा पुन्हा जाऊन, कधीकधी नोव्हेंबरपर्यंत. मग ते रसात किंवा आंबणाऱ्या नव्या वाइनमध्ये साधारण दिवस-दोन दिवस भिजवतात, दाबतात आणि लाकडी पिंपात ठेवतात. पूर्वी 136 लिटरच्या पिंपात साधारण 25 किलोच्या किती टोपल्या आसू मणी टाकले यावरून 3, 4, 5, 6 पुत्तोन्य असा आकडा यायचा. आता हिशोब साखरेवर आहे, लिटरला किमान 120 ग्रॅम असल्याशिवाय आसू म्हणताच येत नाही, 150 च्या वर 6 पुत्तोन्य. एवढी साखर असून चिकट का लागत नाही तर फुरमिंटचा आंबटपणा, तोच सगळं उचलून धरतो. पिताना मुद्दाम त्याच्याकडे लक्ष द्या. आणि एसेन्सिया म्हणून जे असतं ते या मण्यांच्या स्वतःच्या वजनाने आपोआप गळलेला रस, लिटरला किमान 450 ग्रॅम साखर, चमच्याने देतात, कोणी देऊ केला तर तो मान समजा.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, वापरायला लाजू नका, कोणाला वाईट वाटत नाही. ग्लास उचलताना समोरच्याच्या डोळ्यात बघून "एगेश्शेगेद्रे". आणि उन्हाळ्यात कोणी साध्या पांढऱ्या वाइनमध्ये सोडा घालून दिला तर नाक मुरडू नका, त्याला फ्रच म्हणतात, 1 डेसिलिटर वाइन 2 सोडा, 2 वाइन 1 सोडा, प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव आहे. आपल्या उकाड्यात घरी करायला पण मस्त. फक्त बागेच्या नावाची चांगली फुरमिंट त्यात घालू नका.

लेबल वाचायला चार शब्द पुरतात. साराझ म्हणजे कोरडी, फेलसाराझ त्याच्या जवळची, फेलएदेश अर्धी गोड, एदेश गोड. फेहेर पांढरी, वोरोश लाल. द्यूलो म्हणजे बाग, हा शब्द दिसला की वाइन एकाच ठरावीक उताराची आहे. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्याकडच्या शाळेच्या हजेरीत असायचं तसं, त्यामुळे वाइनरीचा पहिला शब्द बहुतेक घराण्याचा असतो.

टेस्टिंगचे पैसे वेगळे द्यावे लागतात, जवळ थोडे फोरिंट रोख ठेवा, आणि एवढा वेळ दिलाय तर माणशी एखादी बाटली तरी घ्या. भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते, आसूची बाटली 500 मिलीची असते, म्हणजे बरोबर चार बसतात, किंवा दोन आसू आणि एक मोठी कोरडी. चेक-इन बॅगेतच, जाड कपड्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध.

घरी आल्यावर कोरडी फुरमिंट तळलेल्या सुरमईबरोबर उघडा, लिंबू पिळायची गरज राहत नाही. कादार्का तिखटजाळ रश्श्याबरोबर नको, साध्या सुक्या चिकनबरोबर चालते. युहफार्क मात्र दोन-तीन वर्षं ठेवता आली तर ठेवा, पण आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात नाही, तिथे एका मे महिन्यात वाट लागते, वाइनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा. आसू उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात राहते, जेवणानंतर प्रत्येकाला छोट्या ग्लासात बोटभर द्या, बरोबर निळं चीज असेल तर उत्तम, नसेल तर अक्रोड.