आधी वार, मग गाव

स्वस्त विमानाने फिरायचं असेल तर यादीतली पहिली ओळ गावाची नसते, वाराची असते. आम्ही म्युनिकला राहतो. आमच्या बाजूच्या मेमिंगेन विमानतळावरून क्रोएशियातल्या झादरला जाणारं रायनएअर या स्वस्त कंपनीचं विमान फक्त उन्हाळी हंगामात असतं, आणि तेही रोज नाही. ज्या वारी जातं त्याच वारी परत येतं, म्हणजे तीन रात्री, चार रात्री किंवा सरळ एक आठवडा, एवढाच हिशेब हाती राहतो. वार दर वर्षी तेच असतील असंही नाही. म्हणून आधी कोऱ्या कागदावर विमानाचे वार लिहायचे, शेजारी आपल्या रजा, आणि त्यात जे गाव बसेल ते आपलं. आधी "या वर्षी झादरच" म्हणून हॉटेल घेतलं आणि मग विमान शोधलं, की गुरुवारी पोचायचं असतं आणि विमान शनिवारचं निघतं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला लागू नये. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक असतं, आणि गावाकडचं कार्य त्याप्रमाणेच धरतात.

हंगामाच्या तारखा लक्षात ठेवायला सोपं आहे. युरोपात घड्याळ पुढे करायचा मार्चमधला शेवटचा रविवार, तिथून विमानांचं उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्याच्या आदल्या शनिवारी ते संपतं. पण ही झाली चौकट. समुद्रकाठच्या गावांची विमानं त्यातही उशिरा सुरू होतात आणि लवकर थांबतात, म्हणून ज्या गावाला जायचं तिथलं पहिलं आणि शेवटचं विमान कॅलेंडरवर स्वतः बघून घ्यायचं. हंगामाच्या अगदी टोकाचे आठवडे स्वस्त दिसतात. मी ते घेत नाही. कंपनीवर विमानांची काटछाट करायची वेळ आली तर कात्री आधी तिथेच लागणार, असं माझं मत.

मुलं शाळेत असतील तर पुढची ओळ शाळेची, आणि ही शाईने लिहायची. आमच्या बायर्न राज्याची शरद ऋतूची सुट्टी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते, म्हणजे उन्हाळी वेळापत्रक संपल्यावर. 2026 मध्ये ते 24 ऑक्टोबरला संपतं आणि सुट्टी 2 नोव्हेंबरला लागते. त्या सुट्टीत ग्रीसच्या बेटांवर जायचं स्वप्न मी दोनदा रंगवलं आणि दोन्ही वेळा कॅलेंडरवर राखाडी, म्हणजे विमान नसलेले, चौकोन पाहिले. मोठी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा विमान असतं, पण भाव बघून चहा गार होतो. आदल्या दिवशी शाळा बुडवून निघू म्हणाल, तर ते डोक्यातून काढून टाका. 2018 साली पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीआधी पोलिसांनी याच मेमिंगेनच्या विमानतळावर शाळा बुडवून निघालेली कुटुंबं पकडली होती आणि सगळ्या जर्मनीत त्याची बातमी झाली होती. ज्यांना शाळेची अडचण नाही त्यांनी मात्र सप्टेंबरचा उत्तरार्ध सोडू नये. एड्रियाटिक समुद्राचं पाणी तेव्हाही उबदार असतं आणि किनारा रिकामा.

आता कागद. इथे घाई करू नका, कारण आपल्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि आपली यादी जर्मन शेजाऱ्यापेक्षा लांब असते. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही हवं, एक घरी ठेवून चालत नाही. रायनएअरमध्ये ईयूबाहेरच्या (युरोपियन युनियनबाहेरच्या) पासपोर्टवाल्यांना सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागद दाखवावे लागतात. बोर्डिंग पास फोनवर आला म्हणून सरळ आत गेलात तर गेटवरून परत फिरावं लागू शकतं. या कामासाठी अर्धा तास वेगळा धरायचा.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या व्हिसाच्या चिकटपट्टीवर किती वेळा प्रवेश लिहिलाय ते आधी वाचा. स्वस्त तिकिटांच्या यादीत झादर, लंडन, डब्लिन, पाफोस, तिराना सगळी एकाखाली एक असतात आणि किमतीही सारख्याच गोड असतात. पण झादर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बाकीची चार नाहीत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि आई-बाबा तिरानाला गेले, तर जर्मनीत परतायचा दरवाजा बंद. शिवाय लंडन, डब्लिनचा व्हिसा वेगळा. क्रोएशियाचं म्हणाल तर 2023 पासून तो शेंगेनमध्ये आला, चलनही त्याच वर्षी युरो झालं, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे असले की झादरचा नंबर वर लागतो. बल्गेरिया आणि रोमेनिया 2025 पासून पूर्ण आत आलेत, तेही यादीत धरायला हरकत नाही. या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, ते मोजायला विसरू नका. आई-बाबांचा परतीचा दिवस काठावर असेल तर सहल आधी उरकायची.

तिकीट काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. मी पासपोर्ट समोर ठेवूनच टाइप करते, आठवणीतून नाही. तिकीट कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं, म्हणजे वेळ बदलल्याचा मेल आपल्यालाच येतो, मधल्या दलालाला नाही. मुलं दोन ते अकरा वर्षांची असतील तर रायनएअरमध्ये बरोबरच्या एका मोठ्या माणसाला जागा विकत घ्यावीच लागते, मुलांची शेजारची जागा मग फुकट मिळते. तो खर्च आधीच धरा. फुकटचं ऑनलाइन चेक-इन उड्डाणाच्या 24 तास आधी उघडतं आणि दोन तास आधी बंद होतं. ते विसरून विमानतळावर चेक-इन करायला गेलात तर माणशी 55 युरो, म्हणजे बऱ्याचदा तिकिटापेक्षा जास्त.

बॅग. फुकटातली बॅग 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटर, सीटखाली जाईल एवढी. माप घेताना चाकं आणि हँडल धरूनच घ्यायचं. घरातली मोजपट्टी शिवणाच्या डब्यात असते, ती आदल्या आठवड्यात काढून ठेवायची. तीन-चार दिवसांसाठी ही बॅग पुरते, फक्त आत काय नाही घ्यायचं हे ठरवावं लागतं. एका एप्रिलमध्ये सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून, साजूक तुपाची बाटली ठेवली होती, पाव किलोची. तपासणीच्या पट्ट्यावर बॅग बाजूला निघाली. तपासणीच्या बाईंनी हातमोजे घातले, टॉवेल उलगडला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "बटर?" मी हो म्हटलं. त्यांनी शंभर मिलिलिटरची खूण दाखवली. सासूबाई मराठीत म्हणाल्या, "अगं, सांग त्यांना, थिजलंय की!" बाटली उलटी करूनही दाखवली, तूप जागचं हललं नाही. काही उपयोग झाला नाही. थिजलेलं तूप, लोणचं, ठेचा, पीनट बटर सगळं द्रवातच मोजतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेला रवा, मेतकूट मात्र बिनधास्त न्या.

विमानतळ कुठे आहे तेही बघा. मेमिंगेनचं नाव काही साइटवर म्युनिक वेस्ट म्हणून दिसतं, प्रत्यक्षात ते म्युनिकपासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. बायर्न-तिकिटावर (रेल्वेचं एका दिवसाचं तिकीट) पाच जण स्वस्तात जातात, पण कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. पहाटेचं विमान असेल तर त्याचा उपयोग नाही. मग गाडी आणि पार्किंग, नाहीतर थेट बस, यांचा हिशेब तिकिटाच्या किमतीत मिळवूनच "स्वस्त" म्हणायचं. परतीचं विमान रात्री उशिराचं असेल तर शेवटची गाडी किती वाजता सुटते ते लिहून ठेवा.

तिकडचाही हंगाम बघायचा. विमान सुरू झालं म्हणजे गाव सुरू झालं असं नसतं. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हानियाचं तिकीट एप्रिलमधलं मिळेल, पण सामारियाची 16 किलोमीटरची घळ साधारण 1 मेपासूनच उघडते, आणि तीही हवा ठीक असेल तर. झादरहून प्लिट्विसच्या तलावांना जायचं तर प्रवेशाचा तास निवडून तिकीट आधीच काढावं लागतं. पोहण्याचे कपडे त्या दिवशी घरी ठेवा, तिथे पाण्यात उतरता येत नाही, क्रोएशियातल्याच क्रका उद्यानातल्या धबधब्याखालीही 2021 पासून बंदी आहे. झादरमध्ये संध्याकाळ मोकळी ठेवायची आणि समुद्राच्या ऑर्गनच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. लाटा पायऱ्यांखालच्या नळ्यांत हवा ढकलतात आणि सूर निघतो. 2005 पासून हे वाद्य चालू आहे, तिकीट नाही.

शेवटी, विमान रद्द झालं तर काय? रोजच्या विमानाला उद्याचं विमान असतं, हंगामी विमानाला तीन-चार दिवसांनी. उड्डाणाला 14 दिवसांहून कमी राहिले असताना कळवलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर ईयूच्या नियमाप्रमाणे 1500 किलोमीटरपर्यंतच्या अंतराला 250 युरो भरपाई मिळते. पैसे परत किंवा दुसरी वाट, यातलं काय हवं ते आपण सांगायचं. आधी कळवलं तर भरपाई नाही, पण ही निवड तेव्हाही असते. एका कंपनीने (नाव राहू दे) आमचं शनिवारचं विमान महिनाभर आधी रविवारवर ढकललं आणि आम्ही हॉटेल परत न मिळणाऱ्या दरात घेतलेलं होतं. तेव्हापासून हॉटेल रद्द करता येईल असंच घेते, चार पैसे जास्त गेले तरी. झादर ते म्युनिक रस्त्याने साडेसातशे-आठशे किलोमीटर आहे. बसचं नाव, सुटायची जागा आणि भाडं फोनमध्ये लिहून ठेवते. ती बस अजून कधी घ्यावी लागली नाही.

आदल्या रात्री फोन चार्ज, पॉवरबँक हातातल्या बॅगेत, पासपोर्ट मोजून, आणि शेजारच्या आजींकडे किल्ली. कढीपत्त्याला किती पाणी घालायचं ते त्यांना जर्मनमध्ये लिहून द्यावं लागतं. मागच्या वेळी त्यांनी प्रेमाने रोज घातलं.