परदेशी गटाबरोबर जानेवारीची व्हीगन मोहीम: ठाण्यातून कशी चालवायची

महिनाभर व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं, खाऊन बघायची ‘व्हीगन्युअरी’ मोहीम ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झाली. तिकडच्या गटाशी हातमिळवणी केली की ते आधी पाककृती पाठवतात, ‘मराठी करून घ्या’ म्हणून. तसं करू नका. ओट मिल्कची लापशी नौपाड्यात कोण करणार? पत्रकात चार पानं त्यांची, चार आपली, असा व्यवहार ठरवा.

पत्रकाच्या पहिल्याच ओळीत काय चालत नाही ते लिहा: मांस-मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध. आपल्याकडे ‘शाकाहारी’त दूध बसतं, ब्रिटनच्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडंही, हिरवा ठिपका तर पेढ्याच्या खोक्यावरही असतो. ‘वनस्पतिजन्य’ टाळा, लोकांना डालडा आठवतो.

आपल्या चार पानांत भोगी-संक्रांत घ्या. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी व्हीगनच आहे, लोण्याचा गोळा तेवढा वगळायचा. तिळाच्या लाडवात अडतं ते चमचाभर तूप. त्याजागी २ चमचे शेंगदाणा तेल घ्या. पाव किलो तीळ तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजा, १०० ग्रॅम दाण्यांचं भरड कूट मिसळा. तेलात पाव किलो चिक्कीचा गूळ वितळवा. पाकाचा थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टणकन वाजला पाहिजे. मग त्यात तीळ-कूट घालून लाडू वळा. आधीच उतरवलात तर लाडू चिकट राहतात, उशीर झाला तर वळण्याआधीच मिश्रण दगड होतं. कृती ग्रॅममध्येच पाठवा. त्यांचा कप म्हणजे आपली वाटी नव्हे.

मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि छपाईआधी त्यांच्याकडून पीडीएफ मागवा. डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात. ‘तिळगूळ’ आणि ‘भाज्यांच्या’ हे दोन शब्द आधी तपासा.

बैठक रात्री साडेआठला ठेवा: जानेवारीत तेव्हा लंडनला दुपारचे ३, बर्लिनला ४, न्यूयॉर्कला सकाळचे १० वाजलेले असतात. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे जातात, तीही एकाच दिवशी नाही. म्हणून निमंत्रणात भारतीय वेळच लिहा.

पैशाचं मात्र सुरुवातीलाच बोला. परदेशी देणगीसाठी संस्थेला एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खाली गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कार्यकर्त्याच्या खात्यात पैसे मागवायची पळवाट अंगाशी येते. त्यापेक्षा फायली त्यांच्याकडून घ्या, छपाई इथल्या वर्गणीतून करा. तीळ, गूळ वाशीच्या एपीएमसीत घाऊक मिळतात. खाण्याची पाकिटं मागवू नका: २०२२ च्या व्हीगन खाद्य नियमांनुसार अशा आयातीला निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं.

सगळं १५ डिसेंबरपर्यंत पक्कं करा. नाताळात तिकडून कोणी उत्तर देत नाही.