४८ तासांत माहितीपट करताय? या चुका टाळा

ठरावीक तासांत फिल्म करायच्या स्पर्धा गोव्यात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. वॉशिंग्टनला २००१ साली ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ सुरू झाला, आणि आपल्याकडे इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ व २०२४ साली ‘क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो’ उपक्रमाच्या निवडक तरुणांनी पणजीत ४८ तासांत लघुपट उभे केले. पण हे बहुतेक कथापट. माहितीपटाचं दुखणं निराळं आहे. कथापटात पाऊस आला तर प्रसंग घरात घेता येतो. भट्टीवरच्या पोदेराला मात्र ‘पाव उद्या दुपारी भाजा’ असं सांगता येत नाही. बहुतेक टीम इथेच अडकतात. त्यांचा विषय एका घड्याळावर चालतो आणि स्पर्धा दुसऱ्या.

विषय मोठा, वेळ तोकडा

‘गोव्याचं बदलतं पर्यावरण’, ‘खाणबंदीनंतरची साखळी-डिचोली’ हे विषय वाईट नाहीत, पण पाच मिनिटांच्या फिल्मला झेपत नाहीत. मग तीन तज्ज्ञ खुर्चीत बसून बोलतात आणि मधेमधे नदीची दृश्यं येतात. परीक्षकांनी अशा फिल्मा ढिगानं पाहिलेल्या असतात.

दिलेल्या तासांत जे काम सुरू होऊन संपतं, ते घ्या. पोदेराची रात्र घ्या: पीठ मळणं, भट्टी तापवणं, पहाटे सायकलवरून पों पों करत उंडे नि पोळ्या हे पाव घरोघर पोचवणं. सुरुवात, मध्य, शेवट आयता मिळतो. आज अनेक भट्ट्यांवर राबणारे हात गोव्याबाहेरून आलेले आहेत, हा धागा तर कोणी न विचारता तुमच्या हाती लागतो. खाडीकाठच्या खाजन शेतीत भरतीचं पाणी अडवणारी-सोडणारी मानस, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, किनाऱ्यावर ओढलं जाणारं रांपणीचं मोठं जाळं, हीही अशीच कामं.

मात्र त्यांच्या वेळा आधी तपासा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या काळात ट्रॉलरचा विषय काढला तर जेटीवर नांगरलेल्या होड्याच दिसतील. बाजार शुक्रवारी आणि स्पर्धा शनिवारपासून असेल तर विषय तिथेच संपला. दुपारी एकनंतर बरीच दुकानं बंद असतात हे गोंयकाराला सांगायला नको, तरी वेळापत्रक आखताना नेमकं तेच विसरलं जातं.

मानशीचं गणित याहून फसवं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्याभरात जवळजवळ सहा तास. गेल्या शनिवारी सकाळी आठला पाहणी करताना भरती होती, तर या शनिवारी आठला ओहोटी असेल, आणि मानशीची दारं तुम्हाला हवी त्याच्या उलट स्थितीत. भरती-ओहोटीचा तक्ता पाहूनच दिवस आखा.

आधी काय चालतं, काय नाही

आधीचं काही वापरायचं नाही, एवढं वाचून काही जण हातावर हात ठेवून बसतात. बऱ्याच स्पर्धांत चित्रीकरण आणि संकलन दिलेल्या वेळेतच करायचं असतं, पण माणसं शोधणं, जागा पाहणं, परवानग्या घेणं आधी चालतं. नियमावलीत हा मुद्दा शोधा. स्पष्ट नसेल तर आयोजकांना लेखी विचारा.

परवानगीचं काम शेवटच्या दिवशी होत नाही. जुन्या गोव्यातली चर्चेस पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे ट्रायपॉड उभा केला की विचारणा होणारच. ड्रोन उडवायचा असेल तर दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ डोळ्यांसमोर ठेवून ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा. खरं सांगायचं तर ड्रोन घरीच ठेवा. वरून दिसणारी माडांची रांग फिल्मला फारसं काही देत नाही.

ज्यांचं बोलणं घेणार त्यांची संमती त्यांना कळेल त्या भाषेत, कोकणीत किंवा मराठीत, सही घेऊन ठेवा. मूल असेल तर आईवडिलांची.

आवाज

चित्र थोडं हललं तर प्रेक्षक खपवून घेतो. आवाज फाटला की मोबाईल काढतो. मिरामारच्या वाऱ्यात उघडा माइक म्हणजे नुसता फरफराट. माइकला केसाळ टोपी घाला, बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे करा. तरी जमत नसेल तर गाडीत बसा, काचा लावा, इंजिन आणि एसी बंद. प्रत्येक जागी अर्धा मिनिट गप्प राहून तिथली शांतता ध्वनिमुद्रित करा, कापलेल्या वाक्यांमधली भोकं तीच बुजवते.

जत्रेत एक सापळा असतो. मुलाखत रंगात येते आणि मागे कर्ण्यावर सिनेमाचं गाणं चालू असतं. ते गाणं नंतर वेगळं काढणं अवघड, आणि हक्काच्या प्रश्नावर फिल्म बाद होऊ शकते. मुलाखत देवळाच्या मागच्या अंगणात घ्या किंवा गाणं संपेपर्यंत थांबा.

प्रश्नही आवाजाइतकेच बिघडवतात. ‘काका, परंपरा जपायला पाहिजे ना?’ यावर ‘होय’ एवढंच मिळणार. ‘काल रात्री पीठ कोणी मळलं?’ विचारा, माणूस बोलता होतो.

कॅमेऱ्यात हे बिघडतं

एसी गाडीतून उतरून थेट किनाऱ्यावर गेलात की लेन्सवर धुकं साचतं. पुसून जात नाही, कॅमेरा बाहेरच्या हवेइतका ऊबदार होईपर्यंत थांबावं लागतं. पोचायच्या आधीच एसी बंद करा, किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून हळूहळू बाहेर आणा.

ट्यूबलाइटखाली पट्टे लुकलुकत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि मोबाईल अनेकदा ६०च्या हिशोबानं बसलेला असतो. टीममधले सगळे २५ फ्रेमवरच चित्रित करोत.

ओठ आणि शब्द हळूहळू सुटे पडत असतील तर बहुधा मोबाईलनं फ्रेमचा वेग बदलता ठेवला आहे. हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्या, मगच संकलन सुरू करा.

सेकंदाला १०० मेगाबिटनं चित्रित केलेला एक तास ४५ जीबी होतो. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

संकलनाचा हिशोब

तीन जणांच्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या मुलाखती म्हणजे नुसत्या ऐकायलाच दोन तास. म्हणून चित्रीकरण पहिल्या २० तासांत आटपा. कोकणी बोलण्याला इंग्रजी उपशीर्षकं लागणार असतील तर ते काम एकाच माणसाकडे द्या, आणि संकलकाला कोकणी येत नसेल तर तोच माणूस त्याच्या शेजारी बसवा. वाक्य कुठे तोडायचं हे भाषा कळल्याशिवाय कळत नाही.

मुदतीच्या चार तास आधी, अपुरी असली तरी, एक पूर्ण फाइल काढून ठेवा. पाच मिनिटांची १०८० पी फिल्म १० मेगाबिटनं काढली तर सुमारे ३७५ एमबी होते. त्याच लांबीची ‘प्रोरेस एचक्यू’ या कमी दाबलेल्या प्रकारातली फाइल सात जीबीच्या घरात जाते आणि १० मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीवर चढायला दीड तास घेते. पावसाळ्यात त्यात वीज गेली तर उशिरा आलेली फिल्म कदाचित दाखवतील, पण बक्षिसाच्या यादीत धरणार नाहीत. फाइल चढवल्यावर ती उतरवून शेवटपर्यंत एकदा बघा, आवाज दोन्ही कानांत येतो आहे ना तेही.