फुशिमी इनारीला जाताय? मग पहाटेच जा
क्योटोला गेलात तर फुशिमी इनारी श्राइन पहाटेच करा, खरंच सांगते. देऊळ २४ तास उघडं असतं, तिकीट नाही, आणि क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइनच्या लोकल ट्रेनने दुसरंच स्टेशन इनारी, उतरलं की समोरच मोठं तोरी म्हणजे लाल कमान दिसते. साडेसहाच्या आत पोचलात तर त्या हजारो कमानींखालून जवळजवळ एकटं चालता येतं, नुसता पक्ष्यांचा आवाज आणि ओल्या झाडांचा वास, अंगावर काटा येतो. नऊनंतर फक्त गर्दी.

कमानीतून आत जाताना थोडं वाकायचं आणि रस्त्याच्या मधून न चालता कडेने चालायचं, मधला भाग देवाचा मानतात. पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं मागायचं, परत एकदा वाकायचं. ५ येनचं नाणं जवळ ठेवा, त्याचा उच्चार 'गो-एन' आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ऋणानुबंध, म्हणून ते शुभ. चपला काढायची आपली सवय इथे लागत नाही, दर्शन बाहेरूनच असतं.

डोंगर २३३ मीटरचा आहे, वरपर्यंत नाही जमलं तरी योत्सुत्सुजी या वाटेतल्या चौकापर्यंत चढाच, तिथून क्योटो दिसतं. आणि उतरताना कमानींच्या मागच्या बाजूला बघा, दान देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात.