लग्नाआधी ‘अधीनता’ शिकवताना

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) लग्न ठरलं की पाळक म्हणजे धर्मगुरू जोडप्याला बसवून बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 5वा अध्याय वाचतात. बहुतेक वेळा चूक तिथेच होते. वाचन 22व्या वचनापासून सुरू होतं, ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’.

21पासून वाचा. तिथे एकमेकांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे. सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत 22मध्ये ‘अधीन असा’ हे क्रियापद नाहीच, ते 21वरून घ्यावं लागतं. मग मोजा: पत्नीला तीन वचनं (22 ते 24), पतीला जवळपास त्याच्या तिप्पट. त्याला हुकमाचा हक्क नाही, ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करायला सांगितलंय.

23व्या वचनात पतीला पत्नीचं ‘मस्तक’ म्हटलंय, त्या शब्दावर मतभेद आहेत. काही जण पतीकडे अंतिम जबाबदारी मानतात, काही पूर्ण बरोबरी. दोन्ही मतं जोडप्याला सांगा. पुढे करिंथकरांस पहिलं पत्र, 7:3-5 वाचा. तिथे शरीरावरचा अधिकार दोघांचाही एकमेकांवर आहे आणि दूर राहायचं तेही परस्पर संमतीने.

मुलीची संमती आईबापासमोर विचारू नका, तिथे ती ‘हो’च म्हणणार. दोघांना वेगवेगळं विचारा. कॅथलिक चर्चच्या कायद्यात तर जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह अवैधच ठरतो.

शेवटी खरा हिशेब: कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात? सुरतला कामाला जायचं कोण ठरवणार? मारहाण असेल तर मात्र वचनं बाजूला ठेवा, आधी तिला सुरक्षित जागी न्या. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे.